डिस्चार्ज सकाळी, रुग्ण घरी संध्याकाळी

आमच्याकडे डिस्चार्ज सकाळी लिहिला जायचा आणि रुग्ण घरी जायचा संध्याकाळी. मधल्या वेळात त्याची सलाइनची सुई काढलेली, अंगावर घरचे कपडे, पिशव्या भरलेल्या आणि नातेवाईक दर अर्ध्या तासाने काउंटरवर: "सिस्टर, अजून किती वेळ?" त्याच वेळी खाली कॅज्युअल्टीत दुसरा कुणीतरी स्ट्रेचरवर बेडची वाट बघत पडलेला. हे सगळ्यांना माहीत होतं, वर्षानुवर्षं माहीत होतं. हॉस्पिटलातल्या बहुतेक अडचणी सगळ्यांना माहीत असूनच टिकतात, कारण जो तो आपल्यापुरती वाट काढतो आणि पुढच्या कामाला लागतो.

मी बरीच वर्षं वॉर्डात काढून मग क्वालिटी विभागात आले, त्यामुळे या वाटा मला पाठ होत्या. बिलिंगमधल्या ओळखीच्या माणसाला फोन लावायचा, फार्मसीच्या खिडकीवर वॉर्डमामांना उभं करून ठेवायचं, ज्युनिअर डॉक्टरच्या मागे लागून समरी, म्हणजे डिस्चार्जचा सारांश-कागद, पुरी करून घ्यायची. जिला हे जमतं ती हुशार इनचार्ज. अनिता टकर आणि एमी एडमंडसन या अमेरिकेतल्या संशोधकांनी नऊ हॉस्पिटलांतल्या नर्सेसचं काम जवळून बघून 2003 साली हेच लिहिलं होतं: नर्स अडचण तिथल्या तिथे निस्तरते आणि संस्थेच्या कानावर ती जातच नाही, म्हणून उद्या तीच अडचण पुन्हा तिथेच उभी असते. ते वाचताना मला माझ्याच ड्युट्या आठवत होत्या.

पहिला उपाय अर्थातच परिपत्रकाचा झाला. 'अकराच्या आत डिस्चार्ज' असा आदेश निघाला, नोटीसबोर्डावर लागला आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये वॉर्डवार आकडे येऊ लागले. आकडे भराभर सुधारले. संगणकात नोंद व्हायची ती डॉक्टरने डिस्चार्जचं बटण दाबल्याची वेळ, त्यामुळे राउंड सुरू होतानाच बटणं दाबून मोकळं व्हायची पद्धत पडली. स्क्रीनवर रुग्ण अकराला गेलेला असायचा, आणि चार वाजता तोच रुग्ण वॉर्डातल्या खुर्चीत बसून बिलाची चौकशी करत असायचा. त्या वर्षी आमच्या वॉर्डांना शाबासकीही मिळाली.

मग वैद्यकीय संचालक बदलल्या. नव्या मॅडमनी आकडे बघितले, एकदा दुपारी वॉर्डात चक्कर मारली आणि मला बोलावून म्हणाल्या, "डिस्चार्जची एक फाइल घ्या आणि तिच्याबरोबर फिरा. ती थांबेल तिथे तुम्हीही थांबा. कुणाला घाई करू नका, कुणाला काही समजावू नका."

घाई न करणं सगळ्यात अवघड गेलं. फाइल आधी वॉर्डातल्या ट्रेमध्ये पडून राहिली, कारण समरी लिहिणारा ज्युनिअर ऑपरेशन थिएटरमध्ये होता. तो आला तेव्हा एक रिपोर्ट यायचा बाकी होता. रिपोर्ट तयार होता, पण तो बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. मग न वापरलेली औषधं परत करायची. फार्मसीत एक मुलगा कापलेल्या स्ट्रिपमधल्या गोळ्या मोजत बसला होता, आणि त्यातली निम्मी औषधं आदल्या रात्री, 'उद्या लागतील' म्हणून मागवलेली होती. ज्या माणसाला सकाळी घरी जायचं होतं त्याच्यासाठी. त्यानंतर बिलिंग, तिथून विभागप्रमुखांचं टेबल, तिथे ते मीटिंगमध्ये. कुणीही आळस करत नव्हतं. प्रत्येकजण समोरचं काम नीट करत होता आणि फाइल मात्र बहुतेक वेळ कुणाच्या ना कुणाच्या ट्रेमध्ये झोपलेली होती.

शेवटी मी सह्या मोजल्या. एका डिस्चार्जवर नऊ. त्यातल्या एका सहीच्या साहेबांना मी सहज विचारलं, "सर, सही करताना तुम्ही नेमकं काय बघता?" ते प्रामाणिक माणूस. म्हणाले, "आधीच्या सगळ्या सह्या झाल्यात ना, ते बघतो."

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांनी सह्यांची यादी मागितली आणि सगळ्यात आधी स्वतःच्या कार्यालयाची सही खोडली. बिलात ठरावीक मर्यादेपुढची सवलत द्यायची तर त्यांची सही लागायची. ती मर्यादेची पट्टी त्यांनी बिलिंगच्या प्रमुखांना लिहून दिली आणि विषय संपवला. मग बाकीच्यांना विचारलं, "तुमची कुठली सही नसली तर रुग्णाचं किंवा हॉस्पिटलचं नुकसान होईल, ते मला लिहून द्या." यादीतल्या काही सह्या टिकल्या, रास्त कारणांनी. काहींसाठी लिहून द्यायला कुणी पुढे आलंच नाही. त्या गेल्या.

या सगळ्या उद्योगाला व्यवस्थापनशास्त्रात 'व्यवस्थापकीय नवोपक्रम' असं भारदस्त नाव आहे हे मला नंतर कळलं. बर्किनशॉ, हॅमेल आणि मोल या तिघा अभ्यासकांनी 2008 साली त्याची व्याख्या बांधली: संस्थेची उद्दिष्टं साधण्यासाठी व्यवस्थापनाची नवी पद्धत, प्रक्रिया, रचना किंवा तंत्र शोधून प्रत्यक्षात आणणं. त्यांचा एक मुद्दा मला फार पटला. नवं यंत्र हातात धरून दाखवता येतं, नव्या औषधाची चाचणी घेता येते; व्यवस्थापनाच्या नव्या पद्धतीत दाखवायला काहीच नसतं, आणि बहुतेक संस्थांत ते काम करणारी अनुभवी माणसंही नसतात. आमच्याकडे नवं सीटी स्कॅन आलं तेव्हा उद्घाटन झालं, फोटो निघाले. सह्या नऊच्या चार झाल्या, त्याचा फोटो काय काढणार?

सह्या कमी होणं ही सुरुवात होती. खरं काम वॉर्डात होतं, आणि ते आम्ही एकाच वॉर्डात सुरू केलं. तिथल्या इनचार्ज सिस्टर स्वतःहून तयार झाल्या, हे महत्त्वाचं. एक पांढरा फळा लावला. बेड नंबर, घरी जाण्याची अंदाजे तारीख, बाकी काय आहे आणि शेवटचा रकाना 'कशामुळे थांबलंय'. दुपारी फळ्यासमोर दहा मिनिटांची उभी मीटिंग. तिला ज्युनिअर डॉक्टर, इनचार्ज, फार्मसीचा एकजण, बिलिंगचा एकजण आणि वॉर्डमामा. खुर्च्या मुद्दाम ठेवल्या नाहीत. उद्या कोण जाणार हे आदल्या दुपारी ठरलं की त्या रुग्णाची रात्रीची औषधमागणी बेतानेच जायची, समरीचा कच्चा मसुदा रात्रपाळीत तयार व्हायचा आणि बाकी राहिलेले रिपोर्ट कुणीतरी नाव घेऊन बघायचं.

आयटीवाल्यांना हे लगेच स्क्रीनवर आणायचं होतं. आम्ही नको म्हटलं. सुरुवातीला रकाने सारखे बदलत होते. डस्टरने पुसून नवा रकाना आखायला कुणाची मंजुरी लागत नव्हती, स्क्रीनवर प्रत्येक बदलासाठी विनंतीअर्ज भरावा लागला असता.

वॉर्डमामांना मीटिंगला कशाला, असं काहींनी विचारलं होतं. 'कशामुळे थांबलंय' या रकान्यात कधी कधी काहीच नसायचं. बिल झालेलं, औषधं परत गेलेली, समरी हातात, तरी रुग्ण वॉर्डातच. आम्ही डॉक्टर-सिस्टर कोड्यात. मामा म्हणाले, "व्हीलचेअर नसते ना त्या वेळेला. सगळ्या खाली ओपीडीत. आम्ही लिफ्टने खाली जातो, शोधतो, वर आणतो." एवढी वर्षं ते ओपीडीत व्हीलचेअर शोधत फिरत होते आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. दोन व्हीलचेअर वॉर्डाच्या नावावर ठेवायच्या ठरल्या. जुन्या पद्धतीत याला खरेदी समितीपर्यंत जावं लागलं असतं. मॅडमनी वॉर्डाला छोट्या खर्चाचा एक हप्ता इनचार्जच्या सहीने वापरायला दिला होता, त्यातून ते झालं.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते एका तासावरून. हे सगळं कुणी बघायचं? प्रत्येक सिस्टरच्या अंगावर तिचे बेड होते. आम्ही मागणी केली की दुपारच्या आधी एक तास एका सिस्टरच्या अंगावर बेड नकोत. तिने फक्त उद्याच्या आणि आजच्या डिस्चार्जचं बघायचं, आणि आठवड्यातून एकदा त्या तासात फळ्यावरच्या अडचणींवर बसून विचार करायचा. वित्त विभागाला हे अजिबात रुचलं नाही. "एक सिस्टर तासभर रिकामी?" हा प्रश्न मी इतक्या सुरांत ऐकला की मला तो आता पाठ आहे. दमनपूर या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी 1991 मध्ये संस्थांमधल्या नवोपक्रमांवरचे अनेक अभ्यास एकत्र ताडून पाहिले होते. निर्णय एका ठिकाणी एकवटले की नवोपक्रमाला मारक ठरतं. हाताशी थोडं जास्तीचं साधनबळ आणि विभागाविभागांतला संवाद असला की त्याला बळ मिळतं, असं त्यात आलं. वित्तवाल्यांपुढे मी हा संदर्भ ठेवला. त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो कॅज्युअल्टीत बेडअभावी दुसरीकडे पाठवाव्या लागलेल्या रुग्णांच्या नोंदवहीचा.

तास मिळाला, पण तो टिकवणं वेगळं. तापाची साथ आली, निम्म्या सिस्टर रजेवर, आणि ड्युटी लावताना पहिला बळी त्या तासाचा गेला. कुणी वाईट हेतूने केलं नाही. अंगावर रुग्ण असताना मोकळा तास कुणाच्याही नजरेत खुपणारच. तेव्हा मॅडमनी एक नियम लिहून काढला: हा तास रद्द करायचा असेल तर संचालकांची सही लागेल. इतक्या सह्या घालवणाऱ्या बाईंनी एक नवी सही घातली! पण ती नेमकी जागेवर बसली. सहीसाठी वरपर्यंत जायचा कंटाळा हा आमच्या संस्थेतला सगळ्यात भरवशाचा गुण. तो पहिल्यांदाच चांगल्या कामी आला.

डॉक्टर मंडळींमध्ये एक ज्येष्ठ सर्जन होते. त्यांच्या शब्दाला सगळं हॉस्पिटल मान देतं. अंदाजे तारीख लिहायला त्यांनी साफ नकार दिला. "पोट उघडल्यावर काय निघेल ते मला आत्ता माहीत नाही आणि तुम्ही तारीख विचारता? मी काय ज्योतिषी आहे?" बोलणं अवाजवी नव्हतं. मॅडमनी त्यांना पत्र पाठवलं नाही की मीटिंगमध्ये त्यांचा वॉर्ड मागे असल्याचं दाखवलं नाही. वॉर्डात बेड नाही म्हणून पुढे ढकललेल्या त्यांच्याच ऑपरेशनांची यादी घेऊन त्या त्यांच्या केबिनमध्ये गेल्या. मी सोबत होते. सरांनी यादी दोनदा वाचली आणि विचारलं, "या तारखांना माझ्या वॉर्डात डिस्चार्ज होऊन किती जण बसून होते?" त्याचं उत्तर फळ्याच्या रोजच्या फोटोंत होतं. पुढच्या राउंडला ते एका रुग्णापाशी थांबून म्हणाले, "परवा, बघू." ज्युनिअरने फळ्यावर तसंच्या तसं लिहिलं, 'परवा, बघू'. आम्ही ती नोंद ग्राह्य धरली.

त्यानंतर त्या युनिटचे ज्युनिअर न सांगता फळ्याशी येऊ लागले. वरिष्ठ माणूस काय बोलतो आणि काय चालवून घेतो याचा खाली केवढा परिणाम होतो, ते एडमंडसन, बोमर आणि पिसानो यांच्या अभ्यासात फार ठळक दिसतं. त्यांनी 16 हॉस्पिटलांत हृदयशस्त्रक्रियेचं नवं, कमी छेदाचं तंत्र शिकणाऱ्या टीम बघितल्या आणि 2001 साली निष्कर्ष मांडले. यश कुणाला मिळालं हे हॉस्पिटलच्या नावलौकिकावर किंवा सर्जनच्या ज्येष्ठतेवर ठरलं नाही. जिथे सर्जनने टीम विचारपूर्वक निवडली, तिचा सराव करून घेतला आणि 'मला तुमची गरज आहे, बोला' असं वातावरण ठेवलं, तिथे तंत्र रुजलं.

खालच्या पायरीवरची भीती वेगळी होती. बिलिंगच्या मुलांना वाटत होतं, काम लवकर संपलं की माणसं कमी करणार. हे कुणी मीटिंगमध्ये बोललं नाही, मला जिन्यात सांगितलं. सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन वैद्यकीय केंद्राने 2002 मध्ये टोयोटाच्या कारखान्यातली पद्धत हॉस्पिटलात आणली, तेव्हा या सुधारणांमुळे कुणाचीही नोकरी जाणार नाही असं धोरणच केलं होतं. वाया जाणारे श्रम दाखवायला माणूस तेव्हाच तयार होतो जेव्हा ते श्रम म्हणजे त्याचा पगार नसतो. आमच्याकडेही तसं पत्र निघालं, सहीशिक्क्यासह. पत्रानंतर पंधरवड्यातच बिलिंगमधून सूचना आली की तात्पुरतं बिल आदल्या संध्याकाळीच काढून ठेवता येतं. ही युक्ती त्यांना आधीपासून माहीत होती.

सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असताना चुकांच्या नोंदी वाढल्या. एका रुग्णाच्या पाकिटात दुसऱ्याचा रिपोर्ट गेला होता. एका नवख्या सिस्टरने दारातून त्या रुग्णाला परत बोलावून तो काढून घेतला आणि दुपारच्या मीटिंगमध्ये स्वतःहून सांगितलं. अशा आणखी गोष्टी येऊ लागल्या. क्वालिटी समितीत लगेच सूर निघाला: नव्या पद्धतीने घाई होते आणि चुका होतात. एडमंडसन यांचा 1996 चा अभ्यास इथे कामाला आला. औषधांच्या चुका तपासताना त्यांना दिसलं होतं की चांगलं नेतृत्व असलेल्या वॉर्डांतच नोंदवलेल्या चुका जास्त होत्या, कारण तिथे माणसं बोलायला घाबरत नव्हती. समितीने ते मानलं, पण मानण्याने फार काही होत नाही. झालं ते एका छोट्या बदलाने: चूक नोंदवायचा फॉर्म यापुढे एचआरकडे, म्हणजे वैयक्तिक फाइलला, जाणार नाही; तो क्वालिटीकडेच राहील. 'संस्कृती बदलली पाहिजे' असं भाषणात म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा आला आहे. फॉर्म कुणाच्या टेबलावर जातो ते बदला, निम्मी संस्कृती त्याच दिवशी बदलते.

वॉर्डातले बहुतेक रुग्ण आता दुपारच्या आत बाहेर पडू लागले आणि साहजिकच आदेश आला: सगळीकडे करा. वरच्या मजल्यावर तोच फळा, तेच रकाने, तीच वेळ. काही आठवड्यांत तो फळा भिंतीची शोभा झाला. तारखा एकदाच लिहिलेल्या, मार्कर वाळलेला. तिथल्या विभागप्रमुखांनी सगळे निर्णय स्वतःकडेच ठेवले होते, इनचार्जला तो तास मिळाला नव्हता, छोट्या खर्चाचा हप्ता मिळाला नव्हता. फळा तेवढा मिळाला होता. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंत सेंट्रल लाइनचा, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे होणारा, संसर्ग 66 टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचं 2006 साली प्रसिद्ध झालं, तेव्हा जगभर गाजली ती पाच गोष्टींची तपासयादी. त्या यादीमागे बरंच काही होतं. डॉक्टरने पायरी गाळली तर थांबवायचा अधिकार नर्सला होता, प्रत्येक आयसीयूला हॉस्पिटलचा एक वरिष्ठ अधिकारी जोडून दिला होता, आणि आकडे परत त्यांच्याच हातात येत होते. इंग्लंडने तोच कार्यक्रम आणला तेव्हा त्याचा वेगळा परिणाम काढून दाखवता आला नाही. जे आयसीयू अजून सामील झाले नव्हते तिथेही संसर्ग तसाच उतरत होता, आणि अनेक ठिकाणी हे काम वरून लादलेलं वाटत होतं. आमचा वरचा मजला मला त्यातलाच वाटला.

तिथे आम्ही फळा चक्क काढून टाकला. त्या विभागप्रमुखांबरोबर मॅडम फाइलच्या मागे फिरल्या, या वेळी मी नाही, विभागप्रमुख स्वतः. त्यांनी स्वतःच्या दोन सह्या सोडल्या. तिसरी सोडायला अजून तयार नाहीत. मधल्या फळीचं, म्हणजे फ्लोअर मॅनेजर आणि सुपरवायझर यांचं, काम तिथे जास्त नाजूक निघालं. सही हाच ज्यांचा मान होता, सही गेल्यावर त्यांच्या हातात काय उरतं, हा प्रश्न रास्त आहे. सध्या 'कशामुळे थांबलंय' या रकान्यातली प्रत्येक गोष्ट सोडवायची जबाबदारी नाव घालून त्यांच्याकडे दिली आहे. काहींना ते आवडलंय. एकांनी बदली मागितली.

आणि रविवार तसाच आहे. कन्सल्टंट राउंडला येत नाहीत, बिलिंगची एकच खिडकी उघडी असते, लॅबमध्ये एकटा माणूस. शनिवारी दुपारी फळ्यासमोर सगळ्या अंदाजे तारखा सोमवारवर सरकतात. रविवारच्या तासाचा प्रस्ताव वित्त विभागाकडे गेलाय. त्यांनी या वेळी 'रिकामी सिस्टर' हा शब्द वापरलेला नाही. कॅज्युअल्टीच्या नोंदवहीतली फक्त रविवारची पानं मागवली आहेत.